ब्लॅकबर्न रोव्हर्स: नव्याने पाहू लागणाऱ्यांसाठी

पुण्यात ब्लॅकबर्न रोव्हर्सचं नाव काढलं की बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, ‘म्हणजे तो वेंकीजवाल्यांचा क्लब ना?’ हो, तोच. नोव्हेंबर २०१० पासून या क्लबची मालकी पुण्यात, वेंकीज या कुक्कुटपालन उद्योगाकडे आहे. पण वाडा कोणी विकत घेतला एवढं कळलं म्हणजे वाडा कळला असं होत नाही. हा इंग्लिश फुटबॉल क्लब १८७५ सालचा आहे. तीन वेळा इंग्लंडचा लीगविजेता, सहा वेळा एफए कपचा, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या जुन्या स्पर्धेचा मानकरी. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांमध्ये तो होता आणि १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही होता. या दोन्ही जागी असलेले क्लब तीनच: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न.

या क्लबवर माझा जीव आहे. नव्या माणसाने कुठून सुरुवात करायची असं कोणी विचारलं की मी ज्या क्रमाने सांगतो, त्याच क्रमाने इथे लिहितो.

पहिली पायरी: गुणतक्ता बाजूला ठेवा, आधी गाव बघा

ब्लॅकबर्न हे मँचेस्टरच्या उत्तरेला, लँकेशायरमधलं सव्वा लाख वस्तीचं गाव. क्लबचं मैदान इवूड पार्क. त्यात एकतीस हजारांवर माणसं मावतात. म्हणजे मैदान भरलं तर गावातला दर चौथा माणूस आत बसलेला असेल. हे प्रमाण डोक्यात असू द्या, कारण मँचेस्टर किंवा लंडनच्या क्लबांना लावायची फूटपट्टी इथे चालत नाही.

हे गाव कापडाचं. जेम्स हारग्रीव्ह्जने एकाच वेळी अनेक चात्यांवर सूत काढणारं ‘स्पिनिंग जेनी’ हे यंत्र १७६० च्या दशकात याच परिसरात बनवलं. पुढे ब्लॅकबर्नच्या माग-कारखान्यांत हिंदुस्थानच्या बाजारासाठी खास कापड विणलं जाऊ लागलं, आणि त्यात धोतरांचा वाटा फार मोठा होता. आपल्या पणजोबांच्या अंगावरचं विलायती धोतर ब्लॅकबर्नच्या मागावर विणलेलं असणं सहज शक्य आहे. मग इथे विदेशी कापडाची होळी पेटली, आणि आधीच मंदीत सापडलेल्या तिथल्या गिरण्यांना त्याचीही झळ लागली. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले, तेव्हा ते मुद्दाम लँकेशायरला गेले आणि ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये राहिले. ज्यांच्या हातचं काम आपल्या चळवळीने हिरावलं त्यांना भेटायला ते गेले होते. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात उभे असलेले गांधीजी, आणि त्या बायका हात उंचावून आनंदाने ओरडताहेत, हा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो डार्वेनचा आहे. इवूड पार्कच्या एका बाजूला आजही ‘डार्वेन एंड’ म्हणतात.

गिरणीचा आणखी एक धागा फुटबॉलला थेट जोडलेला आहे. १८५० च्या कायद्याने इंग्लंडच्या कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या. कामगार घरी जाऊन दोन घास खाणार आणि तीनच्या ठोक्याला मैदानावर हजर होणार. शनिवारी दुपारी तीनची वेळ इंग्लिश फुटबॉलला चिकटली ती या अर्ध्या सुट्टीमुळे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी पायरी: नाव आणि शर्ट

‘रोव्हर्स’ म्हणजे भटके. मुंबईकरांना हा शब्द कूपरेजवरच्या रोव्हर्स कपमुळे माहीत असेल. त्या स्पर्धेचा या क्लबशी संबंध नाही. क्लबच्या बाबतीत मात्र नाव अगदी शब्दशः खरं होतं. सुरुवातीला स्वतःचं मैदानच नव्हतं. पहिलं मैदान ऊझहेड इथलं, म्हणजे खरं तर शेत. त्याच्या मधोमध पाण्याचा मोठा खड्डा होता. सामन्याच्या दिवशी त्यावर फळ्या टाकायच्या, वर गवताचे तुकडे पसरायचे आणि खेळायचं. पुढे दोन-तीन जागा बदलून १८९० मध्ये क्लब इवूड पार्कला आला आणि तिथेच राहिला.

शर्ट उभा दुभागलेला: अर्धा निळा, अर्धा पांढरा. बाह्या, पट्टे, कॉलर दर हंगामात बदलतात, पण दोन भाग कायम. इतक्या वर्षांत क्लबने फार काही गमावलं, हा शर्ट मात्र जपला, आणि मला तो जगातल्या सगळ्या फुटबॉल शर्टांत देखणा वाटतो. चिन्हात लँकेशायरचा लाल गुलाब आहे आणि खाली लॅटिनमध्ये ‘आर्ते एत लाबोरे’, म्हणजे कौशल्य आणि कष्ट यांच्या बळावर. हे ब्रीद गावाचंही आहे.

तिसरी पायरी: पैशाचा प्रश्न इथला सर्वांत जुना आहे

ब्लॅकबर्नबद्दल लोक म्हणतात की पैसा ओतून जिंकलेला क्लब. त्यांना १९९५ आठवत असतं. पण हा आरोप १८८० पासूनचा आहे.

त्या काळी खेळण्यासाठी पैसे घेणं नियमबाह्य होतं. एफए कपवर सधन घरच्या, बड्या शाळांतून आलेल्या खेळाडूंचं राज्य होतं. त्यांना मजुरी बुडण्याची चिंता नव्हती. मग लँकेशायरच्या क्लबांनी स्कॉटलंडमधून खेळाडू आणायला सुरुवात केली. फर्गस सूटर हा ग्लासगोकडचा पाथरवट आधी डार्वेनच्या क्लबकडे आला आणि १८८० मध्ये रोव्हर्सकडे गेला. डार्वेनवाल्यांनी हे मनाला लावून घेतलं. पैसे मिळाल्याशिवाय कोणी गाव सोडून येत नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

१८८३ साली एफए कप पहिल्यांदा उत्तरेच्या कामगारांच्या हाती आला, आणि तो जिंकला याच गावातल्या दुसऱ्या क्लबने, ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने. ऑलिम्पिक पुढे काही वर्षांत बंद पडला. पण रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा कप जिंकला. म्हणजे चार वर्षं कप गावाबाहेर गेलाच नाही. मधल्या काळात, १८८५ च्या जुलैमध्ये, खेळाडूला पैसे देणं कायदेशीर ठरलं. गिरणीत घाम गाळणाऱ्या माणसाला खेळाचे पैसे मिळावेत की नाही, या भांडणात ब्लॅकबर्न योग्य बाजूला उभं होतं असं मला मनापासून वाटतं.

पुढे १८९० आणि १८९१ मध्ये आणखी दोन कप आले, १९१२ आणि १९१४ मध्ये दोन लीग, १९२८ मध्ये सहावा कप. १९३६ मध्ये क्लब पहिल्यांदा खालच्या श्रेणीत घसरला. ॲस्टन व्हिलाही त्याच वर्षी घसरला. १९६६ मध्ये पुन्हा घसरण झाली, १९७१ मध्ये तर थेट तिसऱ्या श्रेणीत. ही वर्षं नव्या वाचकाने नुसती लक्षात ठेवली तरी पुरे.

चौथी पायरी: एक दुपार नीट पाहा

ती दुपार १४ मे १९९५ ची. याच्या चित्रफिती सहज मिळतात. बघण्याआधी पार्श्वभूमी माहीत हवी.

जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच माणूस. वडिलांच्या छोट्या पत्र्याच्या धंद्यातून त्याने आणि त्याच्या भावाने पोलादाचा मोठा व्यवसाय उभा केला आणि तो ब्रिटिश स्टीलला विकला. लहानपणापासून ज्या क्लबसाठी ओरडला तो क्लब त्याने १९९१ मध्ये ताब्यात घेतला. दुसऱ्या श्रेणीत चाचपडणाऱ्या संघासाठी त्याने मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आणला तो केनी डॅल्ग्लिश, ज्याने लिव्हरपूलला खेळाडू म्हणूनही जिंकवलं होतं आणि मॅनेजर म्हणूनही. १९९२ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, वर जाण्याच्या शेवटच्या जागेसाठी झालेल्या प्लेऑफच्या अंतिम सामन्यात लेस्टरविरुद्ध माइक न्यूवेलच्या पेनल्टीवर १-० असा विजय मिळाला आणि रोव्हर्स नव्या प्रीमियर लीगमध्ये दाखल झाले. मग साउदॅम्प्टनहून ३० लाख पौंडांहून अधिक देऊन ॲलन शिअरर आला. ब्रिटनमधला तो विक्रम होता. १९९४ मध्ये ५० लाखांना ख्रिस सटन आला. वॉकरने इवूड पार्कचे तीन स्टँडही नव्याने बांधले.

आता ती दुपार. हंगामातला शेवटचा दिवस. ब्लॅकबर्न ८९ गुणांवर, मँचेस्टर युनायटेड ८७ वर. ब्लॅकबर्नचा सामना लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर, म्हणजे डॅल्ग्लिशच्या जुन्या घरी. युनायटेड लंडनला वेस्ट हॅमकडे. ब्लॅकबर्न जिंकलं तर प्रश्नच नाही. हरलं आणि युनायटेड जिंकलं तर सगळं गेलं.

विसाव्या मिनिटाला शिअररने गोल केला. इतक्या लवकर सगळं जुळून येतंय असं वाटत असतानाच दुसऱ्या सत्रात जॉन बार्न्सने बरोबरी साधली. स्टँडमध्ये लोक कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलेत. तिकडे वेस्ट हॅम पुढे होतं, मग युनायटेडने बरोबरी केली, आणि आता युनायटेड हल्ल्यामागून हल्ले करतंय. वेस्ट हॅमचा गोलरक्षक लुडेक मिक्लोश्को चेंडू अडवत सुटलाय. इकडे अगदी शेवटच्या क्षणी जेमी रेडनॅपची फ्री किक थेट जाळ्यात. लिव्हरपूल २, ब्लॅकबर्न १. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उडालं. ज्यांच्या संघाने गोल केला त्या यजमान प्रेक्षकांनाही काय करावं कळेना, कारण युनायटेडने लीग जिंकू नये हीच त्यांचीही इच्छा होती.

आणि तेवढ्यात लंडनहून बातमी आली. तिकडचा सामना १-१ असा संपला. ८९ विरुद्ध ८८. हरलेला संघ विजेता ठरला होता. डॅल्ग्लिशचा चेहरा त्या क्षणी बघा. मग कर्णधार टिम शेरवूडच्या हातात ट्रॉफी आणि जॅक वॉकरचे पाणावलेले डोळे बघा. १९१४ नंतर पहिल्यांदा, म्हणजे ८१ वर्षांनी. मी ही चित्रफीत किती वेळा पाहिली असेल, अजूनही रेडनॅप धावत येतो तेव्हा पोटात गोळा येतो.

पाचवी पायरी: माणसं ओळखा

बॉब क्रॉम्प्टनपासून सुरुवात करा. गावातलाच मुलगा, १८९६ ते १९२० एकाच क्लबकडून बचावात खेळला, इंग्लंडकडून ४१ सामने, दोन्ही जुन्या लीग विजेतेपदांचा कर्णधार. १९२८ चा कप जिंकला तेव्हा संघाची सूत्रं त्याच्याकडेच होती.

मग रॉनी क्लेटन आणि ब्रायन डग्लस, १९५० आणि ६० च्या दशकांतली जोडी. क्लेटन इंग्लंडचाही कर्णधार झाला. इवूडच्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. डग्लस अस्सल ब्लॅकबर्नचा, इंग्लंडकडून ३६ सामने. डेरेक फॅझकर्लीच्या नावावर क्लबसाठी सर्वाधिक सामन्यांचा विक्रम आहे.

सायमन गार्नरसाठी जरा थांबा. क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू शिअरर नाही, गार्नर आहे: १९४ गोल. १९७८ ते १९९२, सगळी वर्षं खालच्या श्रेणींत, चिखलात, निम्म्या रिकाम्या स्टँडसमोर. आणि क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला त्याच उन्हाळ्यात तो दुसरीकडे गेला. ज्या घरासाठी आयुष्यभर विटा वाहिल्या त्याच्या वास्तुशांतीला तो नव्हता. जुने चाहते आजही त्याचं नाव शिअररच्या आधी घेतात, आणि मला ते बरोबर वाटतं.

शिअररचे आकडे मात्र थक्क करणारे आहेत. विजेतेपदाच्या हंगामात ४२ सामन्यांच्या लीगमध्ये ३४ गोल. ब्लॅकबर्नकडून प्रीमियर लीगमध्ये १३८ सामने, ११२ गोल. १९९६ मध्ये दीड कोटी पौंडांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला तो त्याच्या गावच्या न्यूकॅसलकडे गेला. त्याच्यामागे बचावात कोलिन हेंड्री असायचा, पिवळ्या केसांचा स्कॉटिश गडी, जो कुठल्याही चेंडूसमोर स्वतःला झोकून द्यायचा. गोलात टिम फ्लॉवर्स, डावीकडे ग्रॅम ल सो.

नंतरच्या पिढीत ब्रॅड फ्रिडेल, अमेरिकन गोलरक्षक. २००४ मध्ये चार्ल्टनविरुद्ध त्याने पुढे जाऊन गोलही केला होता. डेमियन डफ आणि डेव्हिड डन क्लबच्याच अकादमीतले. आणि तुगाय केरिमोग्लू. हा तुर्की मधल्या फळीचा खेळाडू तिशी ओलांडल्यावर आला आणि आठ वर्षं राहिला. त्याला धावण्याची घाईच नसायची. चेंडू पायाशी आला की मैदान आपोआप मोकळं व्हायचं. २००२ मध्ये टॉटनहॅमला २-१ हरवून जिंकलेला लीग कप याच काळातला. गोल मॅट जॅन्सन आणि अँडी कोलचे. १९९५ च्या त्या दुपारी युनायटेडकडून संधी हुकलेला कोल तो हाच.

आजचे काही ओळखीचे चेहरेही इथूनच गेले. आर्सेनलचा गोलरक्षक डेव्हिड राया इथल्या अकादमीत घडला. ॲडम व्हार्टन तर गावातलाच. २०२४ च्या सुरुवातीला तो क्रिस्टल पॅलेसकडे गेला आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या संघात होता. महिला फुटबॉलमध्ये किएरा वॉल्श आणि जॉर्जिया स्टॅनवे, २०२२ च्या युरो विजेत्या इंग्लंडच्या दोघी, ब्लॅकबर्नमध्येच तयार झाल्या. २०२५ मध्ये क्लबने महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. ते मला फार लागलं.

सहावी पायरी: घसरण आणि पुणे

इंग्लंडमध्ये श्रेणी कायमची नसते. वर प्रीमियर लीग, खाली चॅम्पियनशिप, त्याखाली लीग वन, लीग टू. तळाचे क्लब दरवर्षी खाली, वरचे वर. चॅम्पियनशिपमध्ये २४ क्लब, प्रत्येकी ४६ सामने. पहिले दोन थेट वर जातात आणि तिसरी जागा प्लेऑफमधून ठरते. आपल्या आयपीएलमध्ये शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी तीच स्पर्धा, तसं इथे नाही. म्हणून तिथे घसरणीतून जेमतेम वाचवणाऱ्या क्रमांकासाठीही माणसं रडतात.

विजेतेपदानंतर चारच वर्षांत, १९९९ मध्ये, ब्लॅकबर्न खाली गेलं. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारला. पुढच्याच वर्षी संघ परत वर आला, पण ते बघायला तो नव्हता. क्लब त्याच्या ट्रस्टकडे राहिला आणि ट्रस्टने तो १९ नोव्हेंबर २०१० ला २ कोटी ३० लाख पौंडांना वेंकीजला विकला. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभ्या केलेल्या कुक्कुटपालन उद्योगाच्या प्रमुख, त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि त्यांचे दोन भाऊ हे नवे मालक झाले.

महिन्याच्या आत मॅनेजर सॅम ॲलरडाइसला काढलं. स्टीव्ह कीन आला. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात आला, बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना झाला. ७ मे २०१२ ला इवूडवर विगनकडून ०-१ हरून क्लब प्रीमियर लीगबाहेर गेला. त्या सामन्यात क्लबचा झेंडा पांघरवलेली एक कोंबडी मैदानात सोडली गेली. आपल्याकडे ती गंमत म्हणून फिरली. तिथल्या लोकांसाठी तो हताश माणसांचा निषेध होता, हे पुण्याच्या वाचकाने तरी समजून घ्यावं. पुढच्या हंगामात मॅनेजरमागून मॅनेजर बदलले. १९९५ च्या संघातल्या हेनिंग बर्गला तर ५७ दिवसच मिळाले. २०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही गोलफरकावर क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. टोनी मोब्रेने पुढच्याच वर्षी परत वर आणलं. २०२३ मध्ये प्लेऑफची जागा हुकली तीही गोलफरकानेच.

मालकांनी वर्षानुवर्षं तोटा भरून काढला, क्लब बुडू दिला नाही, हेही खरं. पण माझं मत स्पष्ट आहे: क्लब चालवायला पैशाबरोबर गावाशी बोलणं लागतं, आणि ते सुरुवातीच्या वर्षांत झालं नाही.

सातवी पायरी: सामना बघायचा कसा

शनिवारी तिथल्या दुपारी तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला, आणि ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं मागे गेली की मार्चअखेरपर्यंत साडेआठला. मधल्या वारी पावणेआठचा सामना म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर. इंग्लंडमध्ये राहत असाल तर शनिवारी दुपारचे सामने टीव्हीवर शोधू नका. पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपण बंद असतं. ही बंदी १९६० च्या दशकात आणण्यात पुढाकार होता बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांचा.

आणि बर्नली म्हणजे वैरी. वीस किलोमीटरसुद्धा अंतर नाही. कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर जे वातावरण असतं, तेच इथे दोन गावांमध्ये. नव्या माणसाने पहिला सामना हाच निवडू नये. साधा, शांत शनिवार निवडावा.

मँचेस्टरला शिकायला किंवा कामाला असाल तर व्हिक्टोरिया स्टेशनवरून ब्लॅकबर्नची गाडी मिळते, तासाभराचा प्रवास. मैदानाला जवळचं स्टेशन मिल हिल. तिथून पायी जाता येतं. गेल्यावर आधी मैदानाला एक फेरी मारा. जॅक वॉकरचा पुतळा बघा, आणि रिव्हरसाइड स्टँडमागे वाहणारी डार्वेन नदी बघा. नाव मोठं, पात्र ओढ्याएवढं. मग गरम ‘पाय’ (pie), म्हणजे आत सारण भरून भाजलेला तिथला पदार्थ, खायला घ्या, दुभागलेला स्कार्फ गळ्यात टाका आणि आत जा. तिकीट क्लेटन स्टँडचं किंवा रिव्हरसाइडचं काढा. डार्वेन एंडचं काढू नका, तिथे पाहुण्या संघाची माणसं बसतात.